ग्राहक डाव्या कानात, स्क्रीन रीडर उजव्या

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका सार्वजनिक सेवेच्या तक्रार नोंदणी केंद्रातले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. श्रीमती अ. पूर्ण दृष्टिहीन आहेत. याच कार्यालयात त्यांनी बरीच वर्षे टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. दृष्टिहीनांसाठी ही तशी मळलेली वाट: फोन घ्यायचा, एक्स्टेंशन दाबायचे, पुढचा फोन घ्यायचा. पुढे फोन आपोआप जोडणारी यंत्रणा आली, ऑपरेटरचे काम उरले नाही आणि त्यांची बदली तक्रारीच्या टेबलावर झाली.

नव्या कामात फोन आणि संगणक एकाच वेळी लागतात. ग्राहक १२ अंकी ग्राहक क्रमांक सांगतो, तो ब्राउझरमधल्या फॉर्ममध्ये भरायचा. नाव-पत्ता उघडला की ग्राहकाकडून पडताळून घ्यायचा, तक्रारीचा प्रकार निवडायचा, तपशील मराठीत टाइप करायचा आणि शेवटी तक्रार क्रमांक वाचून दाखवायचा. श्रीमती अ. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, ईस्पीक या संगणकी आवाजात बऱ्याच वेगाने ऐकतात. सवय नसलेल्या माणसाला त्या वेगात एक शब्द कळत नाही.

टेबलावरचा फोन म्हणजे साधा आयपी डेस्क फोन. त्याला नेटवर्कच्या वायरीतूनच वीज मिळते. मागे दोन छोटे चौकोनी जॅक आहेत, एक हँडसेटचा आणि एक हेडसेटचा. दोन्ही आरजे-९ प्रकारचे, चार तारांचे. कॉलचे रेकॉर्डिंग एक्स्चेंजवर होते, संगणकावर नाही.

अडचण

पहिले काही आठवडे फोनचा हेडसेट डाव्या कानावर आणि संगणकाचा इअरबड उजव्या कानात अशी तडजोड चालली. हेडसेटच्या पट्ट्याला अडकून इअरबड निघायचा. दोन वायरींचा गुंता व्हायचा, आणि कॉल संपवून उठताना एक वायर कुठेतरी अडकलेली असायचीच. कार्यालयाने हीच अडचण मानली आणि "दोन्हींना मिळून एक हेडसेट द्या" अशी मागणी नस्तीवर गेली.

आमचा सल्ला विचारला गेला आणि आम्ही टेबलाशी बसून काही कॉल ऐकले, तेव्हा मात्र तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

पहिली, अंकांची टक्कर. ग्राहक "सात" म्हणत असतानाच स्क्रीन रीडर आधी टाइप केलेला "चार" उच्चारायचा. क्रमांक दोन-तीनदा विचारावा लागे, आणि चौथ्यांदा विचारले की ग्राहकाचा पारा चढे.

दुसरी, आवाजाचे प्रमाण. कोणी ग्राहक कुजबुजतो, कोणी रस्त्यावरून ओरडून बोलतो. फोनचा आवाज वाढवायला फोनवरची बटणे आणि स्क्रीन रीडरचा वाढवायला कीबोर्ड. चालू कॉलमध्ये दोन्हीकडे हात पोचत नाही.

तिसरी गोष्ट पर्यवेक्षकांनी सांगितली. काही रेकॉर्डिंगमध्ये मागे बारीक, भरभर बोलणारा आवाज येत होता. एका ग्राहकाने विचारलेही होते, "मॅडम, तुमच्या शेजारी कोण बोलतंय?" हा इअरबडमधून निसटलेला ईस्पीक होता. इअरबड कानातून अर्धवट निघाला की तो हेडसेटच्या माइकपर्यंत पोचायचा.

म्हणजे दोन आवाज एका हेडसेटमध्ये आणणे हा प्रश्नाचा एक भाग होता. दोन्ही वेगवेगळे कमी-जास्त करता येणे आणि ग्राहकाला फक्त माणसाचाच आवाज जाणे, हे दोन भाग मागणीपत्रात कुठेच नव्हते.

तपासलेले पर्याय

सर्वांत सुटसुटीत पर्याय फोन संगणकावरच आणण्याचा होता. सॉफ्टफोन, म्हणजे संगणकावरूनच फोन घेण्याचा प्रोग्रॅम, बसवला की एकच यूएसबी हेडसेट पुरतो. एनव्हीडीएच्या २०२४.२ आवृत्तीपासून साउंड स्प्लिट ही सोय आहे: स्क्रीन रीडर एका कानात, बाकी सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्या कानात. पण एक्स्चेंजच्या करारात सॉफ्टफोनची परवानगी नव्हती आणि ती मिळवायला किती महिने लागतील हे कोणी सांगेना. शिवाय संगणक अडकला की कॉलही अडकणार. हा पर्याय पुढच्यासाठी ठेवला.

दोन उपकरणांशी एकदम जोडता येणारा ब्लूटूथ हेडसेट घ्यावा असे कार्यालयातल्या बहुतेकांचे मत होते. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. मल्टिपॉइंट म्हणजे हेडसेट दोन उपकरणांशी जोडलेला राहतो. दोघांचा आवाज एकाच वेळी ऐकवतोच असे नाही. बहुतेक हेडसेट कॉल आला की दुसऱ्या उपकरणाचा आवाज थांबवतात, म्हणजे नेमका ज्या क्षणी स्क्रीन रीडर हवा त्याच क्षणी तो गप्प. त्यातून माइक सुरू झाला की जुन्या धर्तीचे ब्लूटूथ स्टिरिओ सोडून एकपदरी, कमी दर्जाच्या आवाजावर येते आणि डावे-उजवे उरत नाही. आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच. कळ दाबल्यानंतर पाव सेकंदाने अक्षर ऐकू आले तर वेगाने काम करणारा माणूस हैराण होतो. यावर फार वेळ घालवला नाही.

वाय आकाराच्या वायरीचा प्रयोग मात्र आमचा सल्ला घेण्याआधीच करून झाला होता. कोणीतरी फोनच्या आणि संगणकाच्या पिना एकत्र जोडून दिल्या होत्या. दोन्ही आवाज दबलेले आणि पाठीमागे सतत घूंऽऽ अशी घरघर. कारण सरळ आहे. दोन अँप्लिफायरची तोंडे एकमेकांना जोडली की प्रत्येक जण दुसऱ्यावर भार होतो. अनेक डेस्क फोनमध्ये कानाकडे जाणाऱ्या दोन्ही तारांत संकेत असतो, त्यातली एकही अर्थिंगची नसते. संगणकाच्या पिनेने त्यातली एक तार अर्थिंगला टेकवली की आवाज निम्मा आणि फाटका होतो. घरघर येते ती दोन उपकरणांच्या वेगवेगळ्या अर्थिंगमधून. ही वायर टेबलावरून काढून टाकणे हे पहिल्या दिवसाचे पहिले काम ठरले.

डेस्क फोन आणि संगणक एकाच हेडसेटला जोडणारी तयार खोकी हेडसेट कंपन्या विकतात. काही फक्त फोन किंवा संगणक अशी अदलाबदल करतात. ती इथे निरुपयोगी. काही दोन्ही आवाज मिसळतात, पण आणून पाहिलेल्या खोक्यात दोन्ही आवाज दोन्ही कानांत येत होते. या खोक्यांची एक बाजू भक्कम असते. फोनवर अचानक आलेली कर्कश शिट्टी दाबून टाकणारा लिमिटर त्यात सहसा असतो.

शेवटचा पर्याय छोट्या ऑडिओ मिक्सरचा. फोन एका चॅनलवर, संगणक दुसऱ्यावर, प्रत्येकाला वेगळी खुंटी, आणि बॅलन्स फिरवून एक डावीकडे, एक उजवीकडे.

खरेदीआधीची चाचणी

दोन कानांत दोन आवाज श्रीमती अ. यांना झेपतील का, हे आधी पाहणे गरजेचे होते. त्यासाठी एक पैसाही लागला नाही. एक जुने कॉल रेकॉर्डिंग संगणकावर लावले, साधे स्टिरिओ हेडफोन घातले आणि एनव्हीडीए की (एनव्हीडीएच्या आज्ञांसाठीची कळ, सहसा इन्सर्ट), ऑल्ट आणि एस दाबून साउंड स्प्लिट सुरू केले. ही आज्ञा सुरुवातीला स्क्रीन रीडर डावीकडे आणि बाकी आवाज उजवीकडे टाकते. श्रीमती अ. यांनी पाच मिनिटांत सांगितले की हे उलटे हवे. इतकी वर्षे हँडसेट डाव्या कानाला लावलेला, माणूस त्यांना डावीकडेच "सापडतो". ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन उलटा प्रकारही निवडता येतो. तो लावला आणि ग्राहकाचा कान तिथेच ठरला.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट कळली. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी माणसाला दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवून प्रयोग केले होते. ज्या कानाकडे लक्ष, तिकडचे सगळे सांगता येई, दुसऱ्या कानातले शब्द जवळपास वाहून जात. इथेही तेच झाले. कान वेगळे केल्याने श्रीमती अ. दोन्ही बोलणी एकदम समजून घेऊ लागल्या नाहीत. कोणाकडे लक्ष द्यायचे हे त्यांना क्षणात ठरवता येऊ लागले, इतकेच. इको, म्हणजे टाइप केलेले प्रत्येक अक्षर स्क्रीन रीडरने बोलणे, चालू ठेवून १२ अंकी क्रमांक घेताना, कान वेगळे असूनही, चुका होतच राहिल्या. इको बंद केल्यावर त्या तुरळक झाल्या. त्यामुळे वायरींइतकेच काम स्क्रीन रीडरच्या सेटिंगवर करायचे ठरले.

काय केले

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २०(२) नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या असतात. टिपणीत त्याचा उल्लेख केला आणि खरेदी किरकोळ खर्चात बसवली. सगळे मिळून खर्च दहा हजार रुपयांच्या आत राहिला. सामान असे: दोन स्टिरिओ लाइन चॅनल आणि हेडफोनचा जॅक असलेला छोटा मिक्सर, फोनच्या आरजे-९ मधून हेडफोन आणि माइक असे दोन ३.५ मिमी सॉकेट काढणारा अडॅप्टर, एक यूएसबी साउंड कार्ड, गाडीच्या स्टिरिओसाठी मिळतो तो ग्राउंड लूप आयसोलेटर, दोन वायरी आणि हेडसेट. आयसोलेटर आणि वायरी तपकीर गल्लीत मिळाल्या.

जोडणीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: ऐकण्याची बाजू मिक्सरमधून जाते, बोलण्याची बाजू मिक्सरला शिवतही नाही. माइकची वायर थेट अडॅप्टरमधून फोनला जाते. मिक्सरमध्ये काहीही मिसळले तरी ते ग्राहकाकडे जायला वाट नाही.

फोनची ऐकण्याची बाजू अडॅप्टरच्या हेडफोन सॉकेटमधून निघून आयसोलेटरमधून मिक्सरच्या पहिल्या चॅनलवर येते. आयसोलेटरच्या आत एकास एक प्रमाणाचे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. संकेत पलीकडे जातो, तारा एकमेकींना लागत नाहीत. त्यामुळे घरघरही थांबते आणि फोनची कोणतीही तार अर्थिंगला टेकत नाही. स्वस्त आयसोलेटर खालचे, जड स्वर खातात. संगीतासाठी हा दोष आहे, पण साध्या फोनचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमध्येच असतो, तिथे काही फरक पडला नाही.

संगणकाकडून यूएसबी साउंड कार्ड दुसऱ्या चॅनलवर. वेगळे कार्ड घेण्याचे कारण असे की एनव्हीडीएचा आवाज तेवढा त्यावर पाठवता येतो आणि विंडोजच्या टिंग-टिंग सूचना दुसरीकडे राहतात. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि यू दाबले की ऑडिओचे सेटिंग उघडते, तिथे आउटपुटसाठी हे कार्ड निवडले.

पहिल्या चॅनलचा बॅलन्स पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. स्क्रीन रीडर दोन्ही बाजूंना सारखाच बोलतो, म्हणून एक बाजू कापल्याने काही हरवत नाही. प्रशिक्षणाचे व्हिडिओही याच कार्डावर ऐकता यावेत म्हणून विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधला मोनो ऑडिओ सुरू केला. दोन आवाजांच्या खुंट्यांवर वेगवेगळ्या आकाराचे उठावदार ठिपके चिकटवले. बाकी खुंट्या एकदा लावून त्यांवर टेप मारली, कारण मिक्सरवर लागतात त्याच्या तिप्पट खुंट्या असतात आणि चुकून हात लागला की दिवसभर शोधत बसावे लागते.

स्क्रीन रीडरमध्ये "कॉल" नावाचे वेगळे कॉन्फिगरेशन प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, केले आणि ते चालू-बंद करायला एक कळ दिली. त्यात इको बंद, आवाजाची पट्टी उंच, आणि फॉर्मच्या इंग्रजी लेबलांसाठी इंग्रजी आवाज. ग्राहक मराठीत बोलत असताना दुसऱ्या कानातही मराठीच आली तर शब्द जास्त गुंततात. भाषा आणि पट्टी दोन्ही वेगळी असली की लक्ष सोडवून घेणे सोपे जाते. क्रमांक घेऊन झाला की एनव्हीडीए की आणि वरचा बाण दोनदा दाबून ती ओळ अंक-अंक ऐकायची, आणि तसाच तो ग्राहकाला वाचून दाखवायचा. ग्राहक लांबलचक हकिगत सांगू लागला की एनव्हीडीए की आणि एस दाबत "मागणीनुसार" या स्थितीत जायचे. २०२४.१ पासून असलेल्या या स्थितीत स्क्रीन रीडर विचारल्याशिवाय बोलत नाही. फॉर्म भरताना मात्र त्यातून बाहेर यावे लागते, नाहीतर टॅब दाबून आपण कोणत्या रकान्यात आलो ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात हे दोनदा विसरले गेले आणि पत्त्याच्या रकान्यात तक्रार लिहिली गेली.

काय बिघडले

पहिल्या दिवशी सगळे चालले, पण दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये तो बारीक, भरभर आवाज पुन्हा होता. आधीपेक्षा मंद, पण स्पष्ट. माइक मिक्सरमधून जात नव्हता, मग हा आला कुठून? सुरुवातीला संशय कानाच्या गादीवर गेला. हेडसेट उशीत गुंडाळून ठेवला, स्क्रीन रीडर चालू ठेवला आणि दुसऱ्या एक्स्टेंशनवरून ऐकले. आवाज तसाच. म्हणजे तो हवेतून येत नव्हता.

दोष हेडसेटच्या पिनेत होता. आणलेला हेडसेट मोबाइलसारखा, एकाच चार कड्यांच्या पिनेचा, आणि पुढे दोन पिनांत फोडणारी छोटी वायर लावलेली. अशा हेडसेटमध्ये कानांच्या आणि माइकच्या परतीच्या प्रवाहाला लांबपर्यंत एकच तार असते. कानाकडे जाणारा प्रवाह त्याच तारेने परततो, तारेच्या थोड्याशा रोधामुळे तिथे बारीक व्होल्टेज तयार होते, आणि माइकचा संकेत मुळातच काही मिलिव्होल्टचा असल्याने ते त्यात मिसळते. वर मिक्सर आणि फोनच्या माइकची बाजू याच तारेतून एकमेकींना जोडली गेली होती. आयसोलेटरने एका दाराने बाहेर काढलेले दुसऱ्या दाराने आत आले होते.

माइकची आणि हेडफोनची पिन मुळापासूनच वेगळी असलेला जुन्या धर्तीचा संगणकी हेडसेट लावला आणि आवाज गेला. तो स्वस्तही पडला. माइकची दांडी डावीकडे, म्हणजे ग्राहकाच्या कानाच्या बाजूला फिरवली. स्क्रीन रीडरचा कान माइकपासून जितका दूर तितके बरे.

दुसरी तक्रार किरकोळ होती. काही वेळ शांततेनंतर स्क्रीन रीडरच्या पहिल्या शब्दाचे तोंड कापले जायचे, कारण साउंड कार्ड मध्येच झोपी जाते. बोलणे थांबल्यावर कार्ड किती वेळ जागे ठेवायचे हे एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्येच वाढवता येते.

तिसरा प्रसंग वीज गेल्याचा. संगणक यूपीएसवर, फोनला नेटवर्कमधून वीज, दोन्ही चालू, पण मिक्सर भिंतीच्या सॉकेटवर. ग्राहक बोलत राहिला आणि श्रीमती अ. यांना काहीच ऐकू येईना. मिक्सर त्याच दिवशी यूपीएसवर घेतला. हँडसेट फोनवर कायम ठेवायचा आणि असे झाले की तो उचलायचा, हे लिहून ठेवले.

परिणाम

साधारण तीन आठवड्यांत ही मांडणी सवयीची झाली. रेकॉर्डिंगमधला दुसरा आवाज बंद झाला. क्रमांक पुन्हा विचारण्याची वेळ आता क्वचित येते, आणि त्याचे बरेचसे श्रेय इको बंद करण्याला जाते. श्रीमती अ. यांना सर्वांत उपयोगी वाटले ते मात्र दोन खुंट्यांचे: ओरडणारा ग्राहक आला की डावी खुंटी खाली, हात कीबोर्डवर परत. थकवा पूर्ण गेला नाही. दिवसभर दोन कानांत दोन बोलणी हे दमवणारे काम आहे, म्हणून दर दोन तासांनी दहा मिनिटे हेडसेट उतरवायची मुभा पर्यवेक्षकांनी दिली. ती कोणत्याही वायरीइतकी महत्त्वाची होती असे आमचे मत आहे.

वेगळे काय करता आले असते

उशी गुंडाळून केलेली चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. दुसऱ्या टोकाला काय ऐकू जाते हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही, ते दुसऱ्या एक्स्टेंशनवरूनच कळते. दोन पिनांचा हेडसेट आधी घेतला असता तर एक खरेदी आणि एक आठवडा वाचला असता.

मिक्सरमध्ये लिमिटर नाही, ही उणीव आजही आहे. फोनवर फॅक्सची शिट्टी आली तर ती थेट कानात जाते. तात्पुरता उपाय म्हणून मिक्सरची मुख्य खुंटी खालीच ठेवून तिला टेप मारली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि आठ तास हेडसेट घालणाऱ्याने ती लक्षात ठेवलेली बरी. फोन आणि आयसोलेटरच्या मध्ये लिमिटर असलेले हेडसेट अँप्लिफायर बसवणे पुढच्या खरेदीत आहे.

ब्रेल डिस्प्लेचा विचार खर्चामुळे मागे पडला. ग्राहक क्रमांक बोटांनी वाचता आला असता तर अंकांची टक्कर मुळातच उरली नसती. श्रीमती अ. यांचे ब्रेल वाचन चांगले आहे. हा प्रश्न त्यांना पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता, तो तिसऱ्या आठवड्यात विचारला गेला.

सॉफ्टफोनचा प्रस्ताव आता मंजुरीच्या वाटेवर आहे. तो आला की मिक्सर जाईल, आणि दोन नवे खड्डे समोर येतील. संवाद सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची विंडोजची मूळ सेटिंग स्क्रीन रीडरलाच दाबते. साउंडच्या जुन्या पॅनेलमध्ये कम्युनिकेशन्स टॅबवर "काहीही करू नका" निवडून ती बंद करावी लागते. उलट बाजूने, एनव्हीडीएचे ऑडिओ डकिंग चालू असेल तर स्क्रीन रीडर बोलू लागताच ग्राहकाचा आवाज खाली जातो. ते एनव्हीडीए की, शिफ्ट आणि डी दाबून बंद करायचे. दोन्ही सूचना जोडणीच्या आकृतीसह नस्तीत लावल्या आहेत, आणि त्यांची ब्रेल प्रत श्रीमती अ. यांच्या खणात आहे.